नगण्य काजळी

आमच्या वस्तीत त्यांना सगळे कडकबाई म्हणत. हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दोन मतं होती. पण दोन्ही मतांची माणसं कपडे मात्र त्यांच्याकडेच टाकत. बाईंनी या वादात कधी लक्ष घातलं नाही. "हाक मारली की ओ द्यायची. अर्थ काय तो मारणाऱ्याने बघावा," असं त्यांचं म्हणणं.

एकोणिसाव्या वर्षी त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागल्या. तिथे वीस वर्षं त्यांनी चादरी धुतल्या आणि डागांची जात ओळखायला शिकल्या. रक्ताला गार पाणी, गरम चुकूनसुद्धा नाही. गंजाला लिंबू आणि मीठ. शाईला मात्र इलाज नाही, तिथे शाई सांडणाऱ्या डॉक्टरलाच जाऊन सांगायचं. पुढे इस्पितळाने धुलाईखाना बंद करून ते काम बाहेर द्यायचं ठरवलं, तेव्हा बाहेर म्हणजे कडकबाईच उभ्या होत्या. शेवटच्या गल्लीत, घरामागच्या आवारात, दोन मोठी यंत्रं आणि सहा लांबलचक दोऱ्या एवढ्यावर लाँड्री सुरू झाली. नवऱ्याने बस डेपोतली नोकरी सोडून इस्त्री हातात घेतली. घरात बोलायचं बायकोने आणि घड्या घालायच्या नवऱ्याने, ही वाटणी कधी ठरली नाही, पण कधी मोडलीही नाही.

रोजच्या साठ चादरी. इस्पितळाच्या मेट्रनबाईंना हरभऱ्याएवढा डाग दिसला तरी अख्खा गठ्ठा परत येई. गेल्या बारा वर्षांत तो दोनदा परत आला होता आणि दोन्ही तारखा कडकबाईंना पाठ होत्या.

आवाराच्या भिंतीपलीकडे रेल्वेची मोकळी जमीन होती. दोन गंजके रूळ, गुडघाभर गवत आणि कुणाच्या तरी शेळ्या, याखेरीज तिथे काही नव्हतं. दुपारी त्या बाजूने वारा सुटला की साठच्या साठ चादरी दोन तासांत वाळत.

एका सोमवारी सकाळी एक माणूस खळीची बादली घेऊन आला आणि त्याने बाईंच्या फाटकावर एक नोटीस डकवली. बाई बाहेर आल्या. त्यांनी आधी खळ बोटाने चाचपून पाहिली.

"पातळ झालीये," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत सुटेल."

मग त्यांनी नोटीस वाचली. भिंतीपलीकडच्या जमिनीवर मालगाड्यांचं नवं यार्ड होणार होतं. अकरा रूळ, डबे सोडायची-जोडायची जागा आणि डिझेल इंजिनांच्या देखभालीची शेड. कुणाला हरकत असेल तर पाच आठवड्यांनी जनसुनावणी. नोटीस संध्याकाळी सुटली. बाईंनी ती घडी करून आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या व्हरांड्यात सभा भरली. हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण बोलताना समोरच्यांनी बाकावर बसावं अशी त्यांची अपेक्षा अजून होती. समिती स्थापन झाली आणि अध्यक्ष तेच झाले. औषधाच्या दुकानवाल्याला भिंतींना तडे जायची भीती होती. दोन आयांना काळजी होती की रुळांवरचं रेल्वेचं फाटक बंद झालं तर मुलांना शाळेला लांबून वळसा पडेल. डब्यांच्या धडाधडीने झोप कशी लागणार, हे तर सगळ्यांनीच विचारलं. टायरवाला एकटाच म्हणाला, की यार्ड झालं तर त्याच्या मुलीला इथल्या इथे नोकरी लागेल. तेही खरंच होतं.

कडकबाईंनी नकाशा ओढून घेतला. "इंजिनं कुठे उभी राहणार?"

हेडमास्तरांनी बोट ठेवलं. शेड भिंतीपासून साठ मीटरवर होती.

"आणि वारा?"

"वारा नकाशात नसतो, बाई," हेडमास्तर म्हणाले.

त्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात प्रकल्पाचे इंजिनियर साहेब यार्डाची प्रतिकृती घेऊन आले. तरुण होते, नम्र होते. प्रतिकृतीत बोटाएवढी झाडं होती आणि माणसं नव्हती. कडकबाई रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "काजळी किती पडेल?"

"बाई, त्याचा परिणाम नगण्य आहे."

"नगण्य म्हणजे?"

"म्हणजे मोजण्याजोगा नाही."

"मोजून बघितलात?"

"आता मोजण्याजोगाच नाही म्हटल्यावर..." साहेबांनी वाक्य तिथेच सोडलं. ते पूर्ण करायची गरज आहे असं त्यांना वाटलं नसावं.

"बरं," म्हणून बाई बाजूला झाल्या.

हेडमास्तर मागून आले. "एवढ्यावर सोडलंत होय?"

"सोडलं नाही," बाई म्हणाल्या. "वाळत घातलंय."

बाईंची नणंद बसने दोन तासांवरच्या गावात राहत होती. तिथे असंच एक यार्ड पूर्वीपासून होतं, इंजिनांच्या शेडसकट. नणंदेच्या नवऱ्याची सगळी नोकरी त्या यार्डात झाली होती आणि घरही तिथेच होतं. रविवारी कडकबाई नवऱ्याला घेऊन तिथे गेल्या. पिशवीत दोन चादरी होत्या. एक घडी करून कागदात बांधलेली, दुसरी तशीच.

"वहिनी, पाहुणे खाऊ आणतात," नणंदबाई म्हणाल्या. "तुम्ही चादर आणलीत?"

"वाळत घालायची आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चालेल ना, वन्सं?"

"तुमच्याकडे दोऱ्या कमी पडल्या की काय?"

कडकबाईंनी खरं काय ते सांगितलं. खोटं बोलायला जास्त शब्द लागतात, म्हणून त्या फारशा त्या वाटेला जात नसत. नणंदबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"आमच्याकडे काही," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर इंजिन धडधडत गेलं. त्या थांबल्या. चेहरा तसाच, हात तसाच हवेत. आवाज विरला, तसं त्यांनी पुढचं बोलून टाकलं, "काळंबिळं पडत नाही." आपण मधे थांबलो होतो, याचा त्यांना पत्ताही नव्हता. बावीस वर्षांची सवय.

चादर ओली करून, पिळून, अंगणात टांगली गेली. बाईंनी घरापासून शेडपर्यंतची पावलं मोजली. पंच्याऐंशी भरली. मग त्या जेवल्या, भांडी घासू लागल्या, नणंदेच्या गुडघ्यांची चौकशी केली. दिवस चांगला गेला म्हणायला हरकत नव्हती.

संध्याकाळी चादर टेबलावर पसरली आणि शेजारी कागदातली दुसरी उघडली. टांगलेली चादर काळी झाली नव्हती. काळी झाली असती तर एकवेळ बरं. तिला जुन्या दातांचा रंग आला होता, आणि बोट ओढलं की रेघ उठत होती.

"धूळ आहे," नणंदबाई म्हणाल्या. "झटकली की जाईल."

"झटका."

नणंदबाईंनी झटकली. गेलं काहीच नाही, उलट त्यांच्या पाची बोटांचे ठसे तेवढे उमटले.

"धूळ झटकली की जाते," कडकबाई म्हणाल्या. "काजळी पसरते. त्यात इंजिनाचं तेल असतं."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांचा हात सवयीने पडद्याच्या कडेला गेला. कापड दिसलं की त्या शिवण उलटून बघत. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसे. पडदा राखाडी होता. दुमडीच्या आत तो लोण्याच्या रंगाचा निघाला.

नणंदबाई बघत राहिल्या. "मी राखाडीच आणले होते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, आवाज उतरवून, "नाही. धाकटी झाली तेव्हा आणले होते. पिवळे होते."

मग नणंदबाईंना राग आला. "माझ्या घरी येऊन तुम्ही माझंच घर मळकं ठरवलंत."

"मी घर नाही बघितलं, वन्सं. पडदा बघितला."

हे उत्तर देऊन प्रकरण सुधारलं नाही. परतीच्या बसमध्ये नवरा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "पडद्याचं काढायला नको होतं."

"हो," कडकबाई म्हणाल्या. सहा थांबे गेल्यावर त्यांनी जोड दिली, "हात गेला."

दर बुधवारी येणारा नणंदेचा फोन त्या बुधवारी आला नाही. पुढच्याही नाही. नवरा घड्या घालत राहिला, पण त्या आठवड्यांत चादरींचे कोपरे एकमेकांवर नीट बसत नव्हते. बाईंनी ते पाहिलं.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. समोर एक घंटी. प्रत्येकाला पाच मिनिटं. हेडमास्तरांनी अठरा घेतली. घंटी वाजली की त्यांना वाटे, तास संपला, आता पुढचा धडा. औषधवाला तड्यांवर बोलला, दोघी आया फाटकावर बोलल्या, टायरवाला मुलीच्या नोकरीवर बोलला. न्यायाधीश बाईंनी सगळ्यांचं लिहून घेतलं.

कडकबाई उठल्या. त्यांनी सभागृहाच्या दोन खिडक्यांमध्ये दोरी बांधली. दोन चादरी शेजारी-शेजारी टांगल्या आणि म्हणाल्या, "डावीकडची माझ्या आवारात दिवसभर वाळली. उजवीकडची इंजिन शेडपासून पंच्याऐंशी पावलांवर. दोन्ही एकाच दिवशी, एकाच साबणाने धुतलेल्या. मी इस्पितळाच्या चादरी धुते. उजवीकडची ते घेणार नाहीत." आणि बसल्या. पाच मिनिटांतली चार उरली.

इंजिनियर साहेब जवळ आले, दोन्ही चादरी त्यांनी मन लावून पाहिल्या. "बाई, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे. पण एका शितावरून भाताची परीक्षा होत नाही."

"आमच्या घरी तशीच होते," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे सगळी शितं चेपून बघतात का?"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत, त्यांनी खरंच विचारलं होतं. हशा थांबवायला घंटी वाजली.

"ही चादर कुणाच्या घरी वाळवली?" साहेबांनी विचारलं. "साक्षीला कोण होतं?"

"ते नाही सांगणार."

"का?"

"घरचं माणूस आहे. आधीच दुखावलंय."

"मग हा पुरावा धरता यायचा नाही," साहेब म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, आणि नियमाने त्यांचं बरोबरच होतं.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, एका चादरीने तुमचं समाधान होत नाही. किती चादरींनी होईल?"

हा प्रश्न साहेबांना कुणी यापूर्वी विचारला नसावा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सात. वेगवेगळ्या अंतरांवर. आठवडाभर."

तसा हुकूम निघाला. आसपास इंजिन शेडचं चालू यार्ड एकच होतं, म्हणून चादरी नणंदेच्या गावातच टांगायच्या होत्या. अडचण एकच आली. साहेबांच्या खात्याला तंबू घेता येत होता, ताडपत्री घेता येत होती, पण चादर कुठल्याच यादीत बसत नव्हती. शेवटी चादरी कडकबाईंनीच दिल्या. न्यायाधीश बाईंनी सातही चादरींच्या कोपऱ्यावर शिक्का मारून घेतला. शाईला इलाज नाही हे बाईंना ठाऊक होतं, पण त्यांनी कोपरे पुढे केले. घरं न्यायाधीश बाईंनी नकाशावरून निवडली. तिसऱ्या नंबरचं घर नणंदेचं निघालं. ते कुणी ठरवून केलं नव्हतं. शेडपासून तेवढ्या अंतरावर घरंच चार होती.

चादरी टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. नवऱ्याने घेतला. "दादा," नणंदबाई म्हणाल्या, "वहिनींना सांग, तीन नंबरची मळक्या बनियनसारखी दिसायला लागलीये." आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशीही निरोप तेवढाच, रंग तेवढा बदललेला. चौथ्या दिवशी त्यांनी वहिनींनाच मागितलं.

"वहिनी, त्यांच्या माणसाने चिमटे मधे लावलेत. झोळ पडतो. मी बदलू का?"

"हात लावू नका, वन्सं. पुरावा आहे."

"बरं." मग पलीकडून इंजिन धडधडत गेलं. "पडदे काढले मी."

"धुतलेत?"

"जात नाही."

"जाणार नाही."

"तेच सांगायला फोन केला," नणंदबाई म्हणाल्या. त्या बुधवारपासून फोन पुन्हा वेळेवर येऊ लागले.

अहवाल चार पानी होता. दोनशे मीटरच्या आत 'लक्षणीय मलिनता' आढळते असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली इंजिनियर साहेबांची सही होती. यार्ड रद्द झालं नाही. पण शेड आमच्या भिंतीपासून उचलून पूर्वेच्या टोकाला, एक किलोमीटरवर नेली. रात्री दहा ते पहाटे पाच डबे आपटायला मनाई झाली. शाळेच्या मुलांसाठी पादचारी पूल मंजूर झाला. वस्तीत आनंद झाला. हेडमास्तरांना मात्र यार्डच नको होतं. त्यांच्या लेखी आम्ही हरलो होतो आणि हरवलं कडकबाईंनी. त्यांनी आपले शर्ट दुसऱ्या लाँड्रीत टाकायला सुरुवात केली. तिथे एका शर्टाची दोन बटणं गेली, हे आम्हाला कळलं, पण बोलून दाखवलं कुणी नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण कडकबाईंना शेडची नवी जागा बघायची होती. तिकडे वारा कसा वाहतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. एका दुपारी त्या चालत गेल्या. गोदामांच्या मागे, नकाशात नुसती मोकळी दाखवलेली एक पट्टी होती. तिथे चौदा घरांची एक रांग निघाली. गोदामात पोती चढवणाऱ्या हमालांची घरं. प्रत्येक दारासमोर दोरी, आणि दोरीवर कपडे.

नळावर एक बाई कपडे धूत होती.

"इंजिनांच्या शेडची नोटीस बघितलीत का?" कडकबाईंनी विचारलं.

"कसली?"

नोटीस गोदामाच्या मागच्या दारावर डकवलेली होती. ते दार सहा वर्षं उघडलं नव्हतं. खळ मात्र या वेळी घट्ट होती.

त्या दिवशी घरी येऊन बाई आवारात बराच वेळ दोऱ्यांकडे बघत बसल्या. नवऱ्याने इस्त्री बंद केली. "काय झालं?"

"माझ्या दोरीवरची काजळी उचलून मी त्यांच्या दोरीवर टाकली."

"तुला कुठे ठाऊक होतं?"

"त्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी त्यांना तेवढ्यावर सोडलं नव्हतं."

त्या आधी हेडमास्तरांकडे गेल्या. समिती बरखास्त झाली आहे, आणि झालेल्या निर्णयात पुन्हा बोट घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्यांनी सांगितलं. औषधवाला म्हणाला, "बाई, शेड परत इकडे आली तर?" ही भीती खोटी नव्हती. ती बाईंनाही होती. त्या म्हणाल्या, "आली तर आली," पण म्हणायला जरा वेळ लागला.

मग त्या नळावरच्या बाईला घेऊन न्यायाधीश बाईंच्या कचेरीत गेल्या. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी दुसऱ्या सुनावणीची तारीख मिळाली.

त्या सुनावणीला कडकबाई शेवटच्या रांगेत बसल्या. बोलली ती नळावरची बाई. तिला बोलायची सवय नव्हती. ती टेबलाची कड धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे इस्पितळासारख्या पांढऱ्या चादरी नाहीत. पण पोरांना शाळेत पांढरे सदरे लागतात. मळके असले की बाहेर उभं करतात. इंजिनामुळे मळले, असं पोराने सांगितलं तर वर्गातल्या बाई ऐकतील का, एवढंच विचारायचं होतं."

न्यायाधीश बाईंनी इंजिनियर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी या वेळी आधी नकाशा उलगडून पाहिला. मग म्हणाले, "आणखी पुढे सरकवायला जागा नाही. पण शेड बंदिस्त करता येईल. धूर खेचून, पाण्यातून गाळून सोडता येईल. वेळ लागेल."

"किती?"

"वर्ष. जास्तही."

"मग वर्षभर शेड उघडणार नाही," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "आणि उघडायच्या आधी चादरी टांगायच्या. या घरांसमोर."

चौदा महिने लागले. यार्ड सुरू होऊन आता तीन वर्षं झाली. डबे आपटतात ते ऐकू येतात. औषधवाल्याच्या भिंतीला एक तडा गेलाय, तो यार्डामुळे की बांधकामामुळे यावर वाद आहे. टायरवाल्याच्या मुलीला तिथे नोकरी लागली. हमालांच्या रांगेत, वारा उलटा फिरला की पाच घरं अजून तक्रार करतात. साहेबांचं यंत्र सांगतं की काही नाही. कडकबाईंचा त्या पाच घरांवर विश्वास आहे, म्हणून महिन्यातून एकदा त्या तिकडे जाऊन येतात.

गेल्या वर्षी रेल्वेच्या कचेरीतून त्यांना पत्र आलं. नव्या प्रकल्पांच्या जागी चादरी टांगून तपासणी करायची असं वरून ठरलं होतं, तेव्हा कनिष्ठ इंजिनियरांना ती कशी करायची ते दाखवावं, ही विनंती. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि साबण, दोरी, चिमटे पिशवीत भरले. कचेरीत बारा मुलं-मुली वह्या उघडून बसली होती. समोरच्या टेबलावर एक नवी कोरी, पांढरी चादर ठेवली होती. खात्याच्या यादीत आता चादर आली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने ती उचलायला हात पुढे केला.

"आधी सगळ्यांनी हात धुवून या," कडकबाई म्हणाल्या.